पेरॉक्साइड शांत ठेवायचे तर

फायबरचे काम चालणाऱ्या कुठल्याही शेडमध्ये तीन कॅन हमखास दिसतात. एकात रेझिन, दुसऱ्यात गडद जांभळे कोबाल्ट आणि तिसऱ्यात पाण्यासारखा दिसणारा हार्डनर. रत्नागिरीकडची मच्छीमार बोट असो, गच्चीवरची टाकी असो की बसचा पुढचा भाग, कामाची रीत तीच. रेझिनमध्ये आधी कोबाल्ट नीट ढवळायचे, मग शेकडा एक-दोन भाग हार्डनर घालायचा आणि रेझिन घट्ट व्हायच्या आत हात उरकायचा. तिघांत सर्वांत लहान कॅन हार्डनरचा, आणि लक्षही सर्वांत कमी त्याच्याकडेच. खरे तर शेडमधला सर्वांत तापट माल तोच. त्याचे पूर्ण नाव मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड. बिलावर ते ‘एमईकेपी’ असे येते.

त्याचे भाऊबंद इतरत्रही आहेत. चपलांचे सोल आणि केबलचे वेष्टण बनवणाऱ्यांकडे डायक्युमिल पेरॉक्साइड, अॅक्रिलिक आणि पुट्टीवाल्यांकडे बेन्झॉइल पेरॉक्साइड, पीव्हीसीच्या मोठ्या कारखान्यांत थंडीतच ठेवावी लागणारी परऑक्सिडायकार्बोनेटे, आणि इचलकरंजीच्या प्रोसेस हाउसमध्ये कापड पांढरे करणारे हायड्रोजन पेरॉक्साइड.

हा लेख पेरॉक्साइड बनवणाऱ्यांसाठी नाही, वापरणाऱ्यांसाठी आहे: शेडमालक, सुपरवायझर आणि स्टोअर सांभाळणारे. बनवणाऱ्याने माल पाठवण्यापूर्वीच त्याला वेसण घातलेली असते. कुठे तेलासारखा द्रव मिसळलेला असतो, कुठे पाणी, कुठे खडूची भुकटी. कुठे नुसती थंडी आणि लहान पॅक. पेरॉक्साइड सुरक्षित करण्याचे अवघड काम तिथेच झालेले असते. आपल्याकडे होणारे बरेचसे अपघात पाहिले तर कुणीतरी ती वेसण नकळत सोडलेली दिसते. म्हणून ‘काय करू नये’ याची यादी पाठ करण्यापेक्षा माल कशामुळे शांत आहे, हे ओळखणे जास्त उपयोगाचे.

तापटपणा कुठून येतो

पेरॉक्साइडच्या रेणूत ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना जोडलेले असतात, आणि हा जोड कच्चा असतो. कार्बन-कार्बन जोड तोडायला मोलमागे सुमारे ३५० किलोज्यूल ऊर्जा लागते, इथे त्याच्या निम्म्याच्या आसपास. जोड सहज तुटतो म्हणूनच तर आपण पेरॉक्साइड विकत घेतो; तुटलेले तुकडे रेझिनला घट्ट करतात. पण तोच जोड कॅनमध्येही हळूहळू तुटत असतो. तुटताना उष्णता निघते, उष्णतेने आणखी जोड तुटतात.

कॅन लहान असेल आणि हवा थंड असेल तर निघालेली उष्णता भिंतींतून बाहेर जाते आणि काही घडत नाही. अडचण अशी की तापमान चढले की उष्णता निर्माण होण्याचा वेग झपाट्याने वाढतो, बाहेर जाण्याचा वेग मात्र सावकाश वाढतो. एका ठरावीक तापमानाला पहिला वेग दुसऱ्याला मागे टाकतो. त्यानंतर बाहेरून कुणी काडी लावायची गरज उरत नाही. माल स्वतःच तापत जातो, वायू सोडतो, कॅन फुगतो आणि फुटतो.

या तापमानाला पुरवठादाराच्या माहितीपत्रकात ‘एसएडीटी’ म्हणतात. नेहमीच्या पॅकमध्ये ठेवलेला माल आठवड्याच्या आत आपोआप वेगाने विघटित होऊ लागेल असे सर्वांत कमी तापमान म्हणजे एसएडीटी. त्याचा उकळण्याशी किंवा पेट घेण्याशी संबंध नाही. शिवाय तो आकडा पॅकवर अवलंबून असतो. मोठ्या ड्रममध्ये मालाच्या मानाने बाहेरचा पृष्ठभाग कमी, त्यामुळे उष्णता अडकते आणि एसएडीटी खाली येतो. तेव्हा पाच-पाच लिटरचे कॅन एका मोठ्या ड्रममध्ये एकत्र करून ‘जागा वाचवली’ असे कुणी म्हणाले तर त्याने माल प्रत्यक्षात अधिक अस्थिर केला, हे लक्षात घ्या.

वेसण पहिली: सोबतचा द्रव

हार्डनरच्या कॅनमध्ये पेरॉक्साइड निम्म्याहून कमी असते. बाकीचा बहुतेक भाग डायमिथाइल थॅलेटसारख्या जड द्रवाचा. हा द्रव प्रक्रियेत भाग घेत नाही. तो उष्णता स्वतःत मुरवतो, पेरॉक्साइडचे रेणू एकमेकांपासून दूर ठेवतो आणि धक्क्याची संवेदनशीलता कमी करतो. त्याची कमाल आकड्यांत पाहण्यासारखी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या वर्गीकरणात सेंद्रिय पेरॉक्साइडे ५.२ या वर्गात येतात आणि त्यांचे ए ते जी असे सात प्रकार पाडलेले आहेत. ए इतका धोकादायक की त्या पॅकमध्ये त्याची वाहतूकच मान्य नाही. जी जवळजवळ निरुपद्रवी. एमईकेपीत सोबतचा द्रव किमान ४८ टक्के असलेली जात बी प्रकारात पडते. हाच द्रव ५५ टक्क्यांवर नेला की माल डी प्रकारात उतरतो आणि त्याचा क्रमांक यूएन ३१०५ होतो. ६० टक्क्यांवर नेला की ई प्रकार, यूएन ३१०७. सात टक्के द्रवाने माल दोन पायऱ्या खाली येतो. खरेदी करताना ‘स्ट्राँग हार्डनर द्या’ असे सांगणाऱ्यांनी हे आकडे एकदा नजरेखाली घालावेत. बहुतेक हाताच्या कामाला साधा, सौम्य हार्डनर पुरतो. थंडीत जमायला उशीर लागत असेल तर पुरवठादाराकडून त्या ऋतूसाठीचे रेझिन मागा.

सोबतचा द्रव कोणताही चालत नाही. कोणत्याही सेंद्रिय पेरॉक्साइडला चालेल अशा सोबत्याचा उत्कलनबिंदू किमान १५० अंश सेल्सिअस असावा, अशी अट आहे. कारण उघड आहे: सोबती आधी उडून गेला तर मागे राहील ते जवळजवळ निखळ पेरॉक्साइड. हेच आपल्या शेडमध्ये वेगळ्या वाटेने घडते. उघड्या वाटीत राहिलेला हार्डनर, पंख्याखाली रात्रभर सुकलेले फडके, कॅनच्या आट्यांत साचलेला चिकट थर: या सगळ्यांत मालाचे प्रमाण बदललेले असते आणि लेबलवरचे वर्णन आता त्याला लागू होत नाही.

त्याच कारणाने हार्डनर पातळ करण्यासाठी ॲसिटोन किंवा थिनर कधीही घालू नका. अनेक ठिकाणी हात आणि ब्रश ॲसिटोनने धुतात. ते ॲसिटोन वेगळ्या डब्यात राहू द्या आणि त्या डब्यात हार्डनरचे माप बुडवू नका. माप धुवायचे तर भरपूर पाण्याने.

बेन्झॉइल पेरॉक्साइडची वेसण वेगळी आहे. कोरड्या भुकटीला घर्षण आणि धक्का सोसत नाही, म्हणून ती ओली करून किंवा पेस्ट करून विकतात. पाणी किमान २३ टक्के असेल तर माल सी प्रकारात बसतो, आणि ५२ टक्क्यांपर्यंतची पेस्ट ई प्रकारात. किमान ६५ टक्के निष्क्रिय घन पदार्थात मिसळलेली ३५ टक्क्यांची भुकटी या नियमांतून मोकळीच आहे. हेच रसायन २.५ किंवा ५ टक्क्यांच्या मलमातून मुरुमांवर लावतात. ओल्या भुकटीच्या बाबतीत संकट म्हणजे सुकणे. पिशवीचे तोंड उघडे राहिले, काठावर पांढरा कोरडा थर धरला, जमिनीवर सांडलेले कुणी झाडूने ओढले, की पाणी गेलेले असते. २००३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या ओहायो राज्यात सुमारे २०० पौंड, म्हणजे ९० किलोच्या आसपास बेन्झॉइल पेरॉक्साइड वाळवण यंत्रात असताना स्फोट झाला आणि एक कामगार जखमी झाला. तिथे वाळवणे हाच उद्देश होता. आपल्याकडे ते बेफिकिरीतून होते. ओली भुकटी सांडली तर आधी पाणी मारा, मग प्लॅस्टिकच्या खोऱ्याने उचला. पेस्ट परवडत असेल तर पेस्टच घ्या. किलोमागे महाग पडते हे खरे, पण ओली भुकटी ओली ठेवण्यासाठी जी रोजची जागरूकता लागते ती लहान युनिटमध्ये टिकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

डायक्युमिल पेरॉक्साइड कॅल्शियम कार्बोनेट किंवा मातीच्या भुकटीवर ४० टक्के चढवून मिळते. रबराच्या मिक्सिंगला ते सोयीचे, तोलायला सोपे आणि शुद्ध खड्यांपेक्षा कितीतरी शांत. त्याबद्दल अधिक सांगण्यासारखे नाही. फक्त शुद्ध माल स्वस्तात आणून स्वतः भुकटीत मिसळायचा मोह टाळा.

वेसण दुसरी: थंडी

काही पेरॉक्साइडांना द्रवाची सोबत पुरत नाही, त्यांना गारठ्यातच राहावे लागते. अशा मालाच्या लेबलवर दोन तापमाने दिलेली असतात. ‘नियंत्रण तापमान’ म्हणजे ज्याच्या वर माल जाऊ द्यायचा नाही. ‘आणीबाणी तापमान’ म्हणजे ज्याला पोचताच आपत्कालीन उपाय सुरू करायचे. हिशेब एसएडीटीवरून होतो. एसएडीटी २० अंश किंवा त्याखाली असेल तर नियंत्रण तापमान त्याच्या २० अंश खाली आणि आणीबाणी तापमान १० अंश खाली. एसएडीटी ३५ च्या वर असेल तर अनुक्रमे १० आणि ५ अंश खाली. मधल्या पट्ट्यात १५ आणि १०. म्हणजे ३० अंश एसएडीटी असलेला माल १५ अंशांच्या आत ठेवायचा आणि २० ला पोचला की हालचाल करायची. एवढे गणित स्टोअरच्या भिंतीवर रंगवून ठेवता येते.

थंडी विजेवर चालते, आणि वीज गेली तर काय, हा प्रश्न सर्वांत आधी विचारायचा असतो. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळाने अमेरिकेतल्या ह्यूस्टन परिसरात पूर आणला. क्रॉस्बी येथील आर्केमा कंपनीच्या कारखान्यात थंडीत ठेवावी लागणारी सेंद्रिय पेरॉक्साइडे होती. वीज गेली, पर्यायी यंत्रणा पाण्यात बुडाल्या, तेव्हा कर्मचाऱ्यांनी माल उंचावरच्या शीतट्रेलरमध्ये हलवला. पाणी वाढत राहिले, शीतयंत्रे बंद पडली आणि ३१ ऑगस्टच्या पहाटे पहिला ट्रेलर आपोआप पेटला. दीड मैलांच्या परिसरातल्या लोकांना आधीच हलवले होते. एकूण नऊ ट्रेलर होते. उरलेले शेवटी ३ सप्टेंबरला मुद्दाम जाळून टाकावे लागले. तिथे आधार अनेक होते, पण सगळ्यांना बुडवायला एकच पूर पुरेसा होता.

हे आपल्याला परके नाही. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले होते. थंड मालाचे स्टोअर तळमजल्यावर आणि त्याचा जनरेटर त्याच्याच शेजारी जमिनीलगत, अशी मांडणी असेल तर दुसरा आधार कागदावरच आहे. जनरेटर जोत्यावर चढवा, कोरड्या बर्फाचा पुरवठादार आधीच ठरवून ठेवा, आणि तापमानाची सूचना मालकाच्या फोनवर येईल अशी सोय करा. रविवारी किंवा गणपतीच्या सुट्टीत शेड बंद असते, तेव्हा तापमान कोण पाहणार, हे नावानिशी ठरलेले हवे.

साध्या एमईकेपीला शीतगृह लागत नाही. त्याचा एसएडीटी साधारण ६० अंशांच्या आसपास असतो. हे ऐकून विदर्भातल्या मित्रांनी निश्चिंत होऊ नये. चंद्रपूरला मे महिन्यात हवाच ४५ च्या वर जाते, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर तापमान त्याहून बरेच अधिक असते. भिंतीला लागून सूर्यास्तापर्यंत ऊन खाणारा कॅन तर आणखी पुढे जातो. पुरवठादार हा माल २५ ते ३० अंशांच्या आत ठेवायला सांगतात, ते माल टिकावा यासाठीही आणि सुरक्षेसाठीही. उत्तरेकडची, जाड भिंतीची, वरखाली झडपा असलेली छोटी खोली पुरते. छतावर चुना किंवा पांढरा उष्णतारोधक रंग द्या. या खोलीत वायरिंगचे जंजाळ, वेल्डिंग, वर्कशॉपचा कॉम्प्रेसर यांना जागा नाही.

उलट बाजूही आहे. टर्शरी ब्युटाइल परबेन्झोएट सुमारे ८ अंशांखाली गोठते, आणि निफाडच्या डिसेंबरात पारा त्याखाली सहज उतरतो. गोठलेला कॅन शेगडीजवळ, हीटरवर किंवा गरम पाण्याच्या बादलीत ठेवून घाईने वितळवू नका. साध्या तापमानाच्या खोलीत, बंद कॅनसकट, सावकाश. काम उद्यावर गेले तरी चालेल.

वेसण तिसरी: स्वच्छता, आणि कोबाल्टची कथा

पेरॉक्साइडला सर्वांत लवकर बिघडवणारी गोष्ट म्हणजे परका पदार्थ. गंज, तांबे, पितळ, आम्ल, अमाइन आणि सर्वांत वाईट म्हणजे कोबाल्ट. रेझिनमध्ये कोबाल्ट जे काम करते तेच ते थेट हार्डनरमध्ये करते, फक्त रेझिनचा अडसर न ठेवता.

एक दृश्य जवळून पाहू. टेबलावर जांभळट डाग पडलेला एक प्लॅस्टिकचा पेला आहे. सकाळी त्याने कोबाल्ट मोजले. तळाशी थेंबभर जांभळा थर उरला आहे, इतका पातळ की उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही. दुपारी घाईत त्याच पेल्यात हार्डनर ओतला जातो. आधी बारीक बुडबुडे, मग तीव्र वासाचा धूर, पेला हाताला चटका देतो, आणि थेंबाऐवजी चमचाभर कोबाल्ट असेल तर भडका. हे ज्याने पाहिले आहे तो पुन्हा कधी माप बदलत नाही. ज्याने पाहिलेले नाही त्याच्यासाठी नियम असा: कोबाल्टची मापे निळी, हार्डनरची पांढरी, दोन वेगळ्या खिळ्यांवर टांगलेली, आणि दोन्ही कॅन वेगवेगळ्या कपाटांत. दोन्ही एकाच टेबलावर एकाच वेळी येऊ नयेत. पुट्टीत बेन्झॉइल पेरॉक्साइडबरोबर डायमिथाइल ॲनिलीन वापरत असाल तर हाच नियम त्या जोडीलाही.

याहून चांगला उपाय म्हणजे कोबाल्ट शेडमध्ये येऊच न देणे. पुरवठादाराकडूनच कोबाल्ट मिसळलेले, म्हणजे प्री-अॅक्सिलरेटेड, रेझिन मागवा. साठवणीचा काळ थोडा कमी होतो, दर किंचित वाढतो; त्या बदल्यात शेडमधली सर्वांत धोकादायक जोडी कायमची तुटते. मला विचाराल तर दहा सूचनाफलकांपेक्षा हा एक बदल जास्त कामाचा.

बाकी स्वच्छतेचे नियम लहान आहेत, पण मोडतात तेच. कॅनमधून काढलेला जास्तीचा हार्डनर परत कॅनमध्ये ओतायचा नाही. दोन-तीन रुपयांच्या मालासाठी संपूर्ण कॅन बिघडतो. लोखंडी डबा, पितळी तोटी, तांब्याची नळी वापरायची नाही. पॉलिथिलीन आणि चांगले स्टेनलेस स्टील चालते. कॅनचे मूळ झाकण हवा सुटू देणारे असते, ते हरवले म्हणून दुसरे घट्ट झाकण लावायचे नाही. काचेची बाटली तर नकोच. आणि मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत हार्डनर भरून साइटवर नेण्याची पद्धत ताबडतोब बंद करा. हार्डनर पाण्यासारखाच दिसतो, आणि तो पोटात गेला तर घसा व अन्ननलिका भाजून जीवही जाऊ शकतो.

सांडलेला हार्डनर लाकडाच्या भुशाने टिपू नका, चिंध्यांनीही नको. भुसा आणि कापूस हे इंधन आहे. हार्डनर लागलेली चिंधी कोपऱ्यात गोळा होऊन पडली तर काही तासांनी आपणहून धुमसू शकते. व्हर्मिक्युलाइट किंवा कोरडी स्वच्छ वाळू टाका, पाण्याने ओले करा, प्लॅस्टिकच्या उघड्या बादलीत भरून बाहेर मोकळ्या जागी ठेवा.

डोळ्यांचा गॉगल ही सवलतीची गोष्ट नाही. हार्डनरचा एक शिंतोडा बुबुळावर कायमचा डाग ठेवू शकतो आणि वेळ सेकंदांत मोजली जाते. म्हणून डोळे धुण्याची जागा मिक्सिंग टेबलापासून चार-पाच पावलांवर हवी. किमान पंधरा मिनिटे वाहत्या स्वच्छ पाण्याने पापण्या उघड्या धरून धुवायचे, त्यानंतर डॉक्टर. मध्येच कुणी गुलाबपाणी, दूध, थेंब घालू देऊ नका.

हायड्रोजन पेरॉक्साइडचा वेगळा स्वभाव

प्रोसेस हाउसमध्ये येणारे ५० टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड सेंद्रिय नाही, पण त्यालाही स्थिर करूनच पाठवतात. त्यात अत्यल्प प्रमाणात स्टॅनेट आणि फॉस्फेट असतात. ते वाटेत आलेल्या लोखंड-तांब्याचे आयन पकडून ठेवतात. मात्र हे पहारेकरी मूठभर. गंजका पाइप, कॉस्टिकची गळती, धुळीने भरलेली बादली यांच्यापुढे ते टिकत नाहीत.

५० टक्क्यांचे एक लिटर द्रावण पूर्ण विघटित झाले तर सुमारे २०० लिटर ऑक्सिजन सुटतो. हा आकडा दोन झडपांच्या मध्ये अडकलेल्या पाइपला लावून बघा. टाकीकडून यंत्राकडे जाणाऱ्या नळीच्या दोन्ही टोकांच्या झडपा ऑपरेटरने बंद केल्या आणि मधल्या नळीत पेरॉक्साइड राहिले, तर तिथे दाब वाढत जातो आणि नळी फुटते. बंद बॉल व्हॉल्व्हच्या पोकळीतही तेच होते. म्हणून या लाइनला दाब सोडणारी झडप किंवा छिद्र असलेला बॉल लागतो, आणि प्लंबर साधा व्हॉल्व्ह बसवून गेला असेल तर तो बदलायला हवा. टाकीच्या भिंतीला रोज हात लावून पाहा. हवेपेक्षा ती गरम लागत असेल तर आत काहीतरी सुरू झाले आहे. बरणीत काढलेले पुन्हा टाकीत ओतू नये हा नियम इथेही तसाच.

साठा किती आणि कुठे

धोका मालाच्या जातीबरोबरच ढिगाऱ्यावरही ठरतो. १४ जुलै १९६४ रोजी टोकियोतल्या शिनागावा भागात एका गोदामाला आग लागली. नायट्रोसेल्युलोज जळत होते. अग्निशमन दल आग आटोक्यात आणत असताना शेजारच्या गोदामातल्या एमईकेपीपर्यंत ती पोचली आणि स्फोट झाला. त्यात १९ अग्निशामक मरण पावले. गोदामात काय आहे हे विझवायला आलेल्यांना ठाऊक नव्हते. २३ मे २०२४ रोजी डोंबिवली एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यात स्फोट झाला तिथेही सेंद्रिय पेरॉक्साइडे बनवली जात असत. दूरवरच्या इमारतींच्या काचा त्या दुपारी फुटल्या.

लहान शेडसाठी याचा साधा अर्थ असा: पंधरवड्याला पुरेल एवढाच हार्डनर आणा. ‘चार ड्रम घेतले तर दर कमी’ हा व्यवहार पेरॉक्साइडमध्ये करू नये. कामाच्या टेबलावर फक्त त्या दिवसापुरता माल. आधी आलेला आधी वापरायचा; त्यासाठी कॅनवर आल्याची तारीख मार्करने मोठ्या आकड्यांत लिहा. टेम्पोवाल्याला रेझिन, कोबाल्ट आणि हार्डनर एकाच फेरीत, एकमेकांवर रचून आणू देऊ नका, दुसरी फेरी लागली तरी चालेल. आणि एमआयडीसीच्या अग्निशमन केंद्रात एकदा जाऊन सांगून या की आमच्याकडे ५.२ वर्गाचा माल आहे, अमुक खोलीत आहे, अमुक किलो आहे. मोठा साठा ठेवणाऱ्यांना १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांनुसार सूचना आणि आपत्कालीन आराखडा बंधनकारक होतो. मर्यादेखाली असाल तरी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या स्थानिक कार्यालयाकडून आपली व्यवस्था तपासून घेता येते.

आग लागलीच तर कोरड्या पावडरच्या सिलिंडरने ज्वाला खाली बसते, पण माल आतून तापतच असतो आणि पुन्हा पेटतो. उपाय म्हणजे भरपूर पाणी, लांबून. कॅन फुगलेला, हाताला गरम किंवा सिसकारत असलेला दिसला तर झाकण उघडून ‘हवा काढायला’ जाऊ नका, उचलून बाहेरही नेऊ नका. माणसे बाहेर, नळी किंवा स्प्रिंकलर सुरू, फोन अग्निशमन दलाला. विझल्यावरही थंड होईपर्यंत जवळ जायचे नाही.

जुना, मुदत संपलेला, तळाशी गाळ धरलेला किंवा रंग बदललेला माल हा सगळ्यात टाळला जाणारा विषय. तो गटारात ओतू नये, कचऱ्यात टाकू नये, शेडमागे जाळू नये, नवीन मालात थोडाथोडा मिसळून संपवूही नये. पहिला फोन पुरवठादाराला करा. कोणत्या बॅचचा, किती किलो, कशात साठवलेला हे सांगा आणि लिखित सूचना मागा. तळोजा किंवा रांजणगाव येथील घातक कचरा केंद्राकडे पाठवायचा असेल तर गाडी भरण्यापूर्वी त्यांना मालाचे नाव, वर्ग आणि माहितीपत्रक पाठवा, कारण तिथेही पेरॉक्साइड इतर कचऱ्यात मिसळून घेत नाहीत. उत्तर येईपर्यंत तो कॅन मूळ झाकणासकट, सावलीत, प्लॅस्टिकच्या घमेल्यात, इतर सर्व मालापासून लांब ठेवा आणि रोज सकाळी एकदा बाहेरून पाहून या.